परदेशाशी होणाऱ्या न्यायाधीश ट्रेनिंगच्या करारांचा आपल्या तालुका कोर्टाला खरंच काही उपयोग होतो का?

गंगापूररोड_लॉ

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशपदाची परीक्षा, द्यायचीय. आता मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आधी 3 वर्षं प्रॅक्टिस करावी लागणार आणि सिलेक्शन झाल्यावर खुर्चीत बसायच्या आधी किमान 1 वर्ष ट्रेनिंग, ते मला पटतंही. कॉलेजात सेमिनारला विषय घेतलाय तो म्हणजे न्यायाधीशांचं प्रशिक्षण आणि कायदा सुधारणा यात देशादेशांमधलं सहकार्य. वाचायला बसले तर बरंच सापडलं, 2023 ला आपल्या आणि सिंगापूरच्या सुप्रीम कोर्टात करार झालाय, बांगलादेशचे न्यायाधीश भोपाळच्या नॅशनल ज्युडिशियल अकॅडमीत शिकायला येत होते, जपानने कंबोडियाला अख्खा दिवाणी कायदा लिहायला मदत केली वगैरे.

पण मी सीनियरबरोबर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा कोर्टात जाते तिथे वेगळंच चित्र दिसतं. परवा पेठ तालुक्यातले एक बाबा सकाळच्या एसटीने आलेले, पुकारा होईपर्यंत कॉरिडॉरमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसून होते, दुपारी पुढची तारीख घेऊन गेले, तारीख का पडली तेही त्यांना कोणी नीट सांगितलं नाही. त्या बाबांचं आणि या करारांचं काय नातं आहे? हा प्रश्न मी मनापासून विचारतेय कारण सेमिनारमध्ये नुसती करारांची यादी वाचायची नाहीये.

काळाकोट_सीबीएस

चांगला प्रश्न विचारलास. मी इथेच दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करतो आणि कोर्टाच्या पॅनलवर मध्यस्थ म्हणूनही काम करतो, म्हणून त्याच अनुभवातून सांगतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89 माहीत असेलच, कोर्टाने वाद मध्यस्थीसारख्या मार्गाने मिटवायला पाठवायचं ते, 1 जुलै 2002 पासून ते सध्याच्या रूपात लागू झालं. कलम आलं खरं पण मध्यस्थी करायची कशी हे वकिलांना आणि न्यायाधीशांनाही माहीत नव्हतं, आपल्याला तडजोड म्हणजे दोघांना समोर बसवून "अहो मिटवून टाका" एवढंच ठाऊक. तेव्हा अमेरिकेतून ट्रेनर आले, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कायदा संस्थेने आपल्या न्यायाधीशांबरोबर काम केलं, अहमदाबाद, चेन्नई, दिल्लीकडे सुरुवातीची ट्रेनिंग झाली. एप्रिल 2005 ला सुप्रीम कोर्टाची मध्यस्थी समिती तयार झाली आणि मग 40 तासांचा कोर्स देशभर सुरू झाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढे शिकवणारे आपलेच लोक झाले. मला ज्यांनी शिकवलं ते मराठीतून शिकवणारे, आपल्याच राज्यातले होते.

आता फायदा काय ते बघ. गाव सांगत नाही कारण मध्यस्थीतली गोष्ट बाहेर सांगायचीच नसते, पण दिंडोरीकडच्या बाजूला असतात तसा दोन भावांचा वाटपाचा दावा होता. दाव्यात द्राक्षबाग, घर, मोकळी जमीन सगळं लिहिलेलं आणि वर्षानुवर्षं तारखा चालू. एकत्र बसले की एकमेकांकडे बघायचे पण नाहीत. मी दोघांशी वेगवेगळं बोललो, आणि हे वेगळं बसून बोलणं, एकाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला न सांगणं, हेच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तेव्हा कळलं की थोरल्याला जमिनीपेक्षा विहिरीच्या पाण्याची पाळी हवीय, छाटणीनंतर पाणी वेळेवर मिळत नाही हे त्याचं खरं दुखणं, आणि दाव्यात कुठेही ते नीट लिहिलेलं नव्हतं. पाळीचं वेळापत्रक, मोटरीच्या बिलाची वाटणी, पाइपलाइन कुठून जाणार, एवढं कागदावर आलं आणि बाकीचं भराभर सुटलं. निकाल लागला असता तर एक भाऊ अपिलात गेलाच असता.

तुझ्या पेठच्या बाबांपर्यंत हे पोचायचं असेल तर असंच पोचतं. करारावर सही झाली म्हणून पोचत नाही.

मालेगाव_स्पष्टच

वकीलसाहेब तुमचा मुद्दा मान्य आहे, पण सगळं असं होत नाही हेही मुलीला सांगा. यातले कितीतरी कार्यक्रम म्हणजे आठवडाभराचा दौरा, उद्घाटन, ग्रुप फोटो, शाल-श्रीफळ आणि सर्टिफिकेट. परत आल्यावर त्या न्यायाधीशाच्या बोर्डावर तेवढीच प्रकरणं, स्टेनो तोच, समन्स पोचवणारे बेलिफ कमी, त्यामुळे समन्स बजावून येत नाही. तिथे जाऊन केस मॅनेजमेंट शिकला तरी इथे करणार कुणाच्या जोरावर?

दुसरं म्हणजे हे सगळं राजकारणावर टांगलेलं असतं. भोपाळचंच घ्या, 2017 ला बांगलादेशच्या न्यायाधीशांना शिकवायचा करार झाला, चांगलं काम चालू होतं, आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सरकारने 50 न्यायाधीशांचं फेब्रुवारीतलं ट्रेनिंग रद्द केलं. दोन देशांचं बिनसलं की पहिली कुऱ्हाड अशा गोष्टींवर पडते. आणि बाहेरून तयार कायदा आणून लोकांच्या डोक्यावर ठेवायचा याला तर माझा ठाम विरोध आहे. जमीन, वारसा, नातीगोती हे प्रत्येक समाजात वेगळं असतं, तिथे परक्या माणसाने येऊन कलमं लिहायची म्हणजे काय?

नाशिकरोड_ते_नागोया

मी मूळची नाशिकरोडची, सध्या जपानमध्ये नागोयाला तौलनिक कायदा शिकतेय, इथल्या विद्यापीठात आशियाई देशांबरोबर कायद्याच्या देवाणघेवाणीचं एक केंद्रच आहे, म्हणून कंबोडियाबद्दल लिहिते कारण स्पष्टच यांचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर जागी लागतो.

कंबोडियात 1975 ते 1979 ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत कोर्टं बंद, शिकलेली माणसं मारली गेली, कायदा जाणणारे बोटावर मोजण्याइतके उरले. 1999 च्या सुमारास जपानचं सहकार्य सुरू झालं. तयार जपानी कायद्याचं भाषांतर देऊन मोकळं होणं सोपं होतं, पण जपानी प्राध्यापक आणि कंबोडियाचे लोक एकत्र बसून एकेक कलम बोलत गेले, आपल्याकडे लग्नानंतर मालमत्ता कोणाची, तोंडी व्यवहाराला लोक किती मानतात, असं विचारत विचारत. दिवाणी प्रक्रिया संहिता 2006 ला मंजूर झाली, दिवाणी संहिता 2007 ला, आणि ती प्रत्यक्ष लागू व्हायला 2011 उजाडलं! तोपर्यंत न्यायाधीश आणि वकील तयार करायचं काम समांतर चालू होतं, कारण कायदा आहे पण तो वाचून निकाल लिहिणारं कोणी नाही तर काय उपयोग. नेपाळच्या 2018 पासून लागू झालेल्या नव्या दिवाणी संहितेच्या मसुद्यालाही जपानची मदत होती.

जपानी लोक इतक्या सबुरीने का वागले याचं उत्तर मला त्यांच्याच इतिहासात सापडलं. मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे, त्यांनी फ्रान्सहून बोआसोनाद नावाच्या कायदेतज्ज्ञाला बोलावलं, त्याने मेहनतीने दिवाणी कायदा तयार केला, 1890 ला तो जाहीरही झाला. पण त्यावर एवढा वाद पेटला, विशेषतः कुटुंबाबद्दलच्या भागावर, की तो लागूच झाला नाही. मग जपानी अभ्यासकांनी जर्मन कायद्याचा आधार घेऊन स्वतः नवा लिहिला, तो 1898 पासून चालू आहे, अर्थात मध्ये खूप दुरुस्त्या झाल्या. माझं मत विचाराल तर ज्या देशाने स्वतः उसना कायदा घेताना ठेच खाल्लीय तोच दुसऱ्याला धीराने मदत करू शकतो.

आणि गंगापूररोड ताई, हे फक्त बाहेरून आत येतं असं सेमिनारमध्ये मांडू नका प्लीज. न्यायाधीशांच्या आचरणाची जगभर वापरली जाणारी बंगळुरू तत्त्वं आहेत, त्यांचा मसुदा 2001 ला आपल्याच बंगळुरूत वेगवेगळ्या देशांच्या न्यायाधीशांनी बसून केला आणि 2002 ला हेगमध्ये तो पक्का झाला. त्यात सहा मूल्यं आहेत, शेवटचं क्षमता आणि तत्परता, म्हणजे सतत शिकत राहणं न्यायाधीशाच्या कर्तव्यातच धरलंय.

मालेगाव_स्पष्टच

हे जपानचं माहीत नव्हतं, छान लिहिलंत. अशी वर्षानुवर्षं चिकाटी असेल तर माझा विरोध नाही. पण मग पैसा आणि वेळ तेवढा द्यायची तयारी पाहिजे, आणि आपल्या राज्याच्या न्यायाधीशांना ट्रेनिंग देणाऱ्या उत्तनच्या अकॅडमीत जे शिकवतात ते तालुक्याला आल्यावर वापरता येईल एवढा स्टाफ पाहिजे. हा आग्रह मी सोडणार नाही.

गंगापूररोड_लॉ

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! आता मी सेमिनार असा करणार आहे की मध्यस्थी आणि कंबोडिया या दोनच गोष्टी खोलात मांडायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं, शिकवणारे शेवटी स्थानिक झाले का? भोपाळचं उदाहरण स्टाफच्या मुद्द्याबरोबर घेते. काळाकोट सर, मला एखादी मध्यस्थी बसून बघता येईल का?

काळाकोट_सीबीएस

नाही गं, पक्षकारांनी हो म्हटल्याशिवाय तिसऱ्या माणसाला बसवत नाहीत आणि विद्यार्थ्यासाठी त्यांना विचारणंही मला बरोबर वाटत नाही, ते आधीच घाबरलेले असतात. त्यापेक्षा राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी कोर्टात ये, शनिवारी असते, मोटार अपघात आणि चेक बाउन्सच्या पॅनलजवळ थांब. तिथे एका दिवसात भराभर मिटवतात, मध्यस्थीसारखं निवांत बोलणं होत नाही, त्यामुळे दोन्हीतला फरक तुला लगेच कळेल. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात विद्यार्थी स्वयंसेवकांबद्दल विचार. पॅरालीगल, म्हणजे लोकांना कायद्याची प्राथमिक मदत करणारा स्वयंसेवक, म्हणून नाव लागलं तर पेठ, सुरगाण्याच्या शिबिरांना जाता येतं, त्या बाबांना तारीख का पडली हे समजावून सांगायचं काम तिथे तुलाच करता येईल.