लोकलमधलं 'फास्ट'
'फास्ट म्हणजे वेगात जाणारी, त्यात काय समजावायचं?' हे म्हणणं शब्दकोशापुरतं ठीक आहे, पण मुंबईत दादर स्टेशनच्या पुलावर चालणार नाही. तिथे फास्टचा संबंध वेगापेक्षा थांब्यांशी. चर्चगेटहून निघालेली फास्ट माहीमला सिग्नलवर रखडली तरी फास्टच, कारण दादर, वांद्रे, अंधेरी घेते आणि पार्ल्याला न थांबता पुढे जाते. तीच गाडी विरारची असेल तर बोरिवलीनंतर बहुधा प्रत्येक स्टेशन घेते, तरी तिला स्लो कोणी म्हणत नाही.

हार्बर रेल्वेमार्गावर मात्र हा शब्द जवळपास निकामी. येण्याजाण्याच्या दोनच मार्गिका, मागची गाडी पुढे काढणार कुठून? बाकी, उद्घोषणेत 'जलद लोकल' असते, पण 'आज जलद मिळाली' म्हणणारा अजून भेटायचाय.