सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग डीव्हीडीवर कसं घ्यायचं?

मारवा_76:
डीटीएच बॉक्सला 500 जीबीची हार्ड डिस्क लावून सह्याद्रीवरचा नाट्यसंगीताचा अडीच तासांचा कार्यक्रम रेकॉर्ड केलाय. टीव्हीवर नीट दिसतो, पण डिस्क लॅपटॉपला लावली की 'फॉरमॅट करायची का' असं विचारतो. घरच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशी डिस्क हवी आहे. बॉक्सला एचडीएमआय आणि 3.5 मिमीचं एव्ही सॉकेट आहे.

सोल्डरगन:
आधी त्या खिडकीत 'नाही' दाबा, नाहीतर सगळं पुसलं जाईल. असे बॉक्स डिस्क आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतात, वर रेकॉर्डिंगला कुलूप घालतात. किल्ली त्याच बॉक्सपाशी असते, त्यामुळे फाइल कॉपी करून उपयोग नाही. एचडीएमआयवर एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) असतं, कॅप्चर कार्डाला काळा पडदाच दिसतो. राहिलं एव्ही. कार्यक्रम बॉक्सवर लावायचा आणि यूएसबी कॅप्चर डोंगलने (एव्हीचं चित्र-आवाज लॅपटॉपला देणारं छोटं यंत्र) लॅपटॉपवर घ्यायचा, म्हणजे अडीच तासांना अडीच तास.

लोक अडकतात ते केबलपाशी. 3.5 मिमीच्या जॅकवर चार कड्या असतात, पण कुठल्या कडीवर व्हिडिओ आणि कुठल्या कडीवर अर्थ (अर्थिंगची तार), हे प्रत्येकाचं निराळं. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिवळ्या (चित्राच्या) पिनेवर चित्र येत नसेल तर डोंगलच्या पिवळ्या सॉकेटात लाल पिन घालून बघा, मग पांढरी. तिन्हींवर नुसती घरघर असेल तर अर्थिंगची कडी चुकलीय; बॉक्सबरोबर आलेलीच केबल शोधा.

बॉक्सचं आउटपुट 16:9 ठेवा. डोंगलला पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), 720×576, 25 फ्रेम. आवाज 48 किलोहर्ट्झ. हब नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टात. कच्चा व्हिडिओ तासाला साधारण 75 जीबी खातो, म्हणून हफवाययूव्हीसारखा लॉसलेस कोडेक (दर्जा न घालवता फाइल आवळणारा) लावा. ड्राइव्हचा फॉरमॅट एनटीएफएस हवा, फॅट32वर फाइल 4 जीबीला अडते.

पिक्सेलपंत:
पुढचं गणित: डीव्हीडीच्या 4.7 जीबी म्हणजे 37.6 अब्ज बिट, भागिले अडीच तासांचे 9000 सेकंद, आले 4.18 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). थोडी जागा सोडून व्हिडिओ 3.8 आणि एसी3 आवाज 192 केबीपीएस, एन्कोडिंग टू-पास (दोन फेऱ्यांत). बैठकीच्या गाण्याला एवढं पुरतं. क्रिकेट असतं तर दोन डिस्क करा म्हटलं असतं.

डीइंटरलेस करू नका, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं (फील्ड) एकत्र करू नका. फील्डचा क्रम मात्र तपासा. उलटा पडला तर तबलजीची बोटं पुढे-मागे थरथरतात आणि ते फक्त टीव्हीवर दिसतं, लॅपटॉपवर नाही. आवाज आणि ओठ जुळतात का, हे शेवटच्या दहा मिनिटांत बघा. डोंगलमध्ये आवाजाचं घड्याळ वेगळं चालतं, फरक साठत जातो. तसं झालं तर आवाज ताणून व्हिडिओच्या लांबीला आणायचा.

डीव्हीडीस्टायलर या प्रोग्रॅमने ऑथर करा (प्लेअरला समजेल अशी डीव्हीडीची रचना करा), नुसती फाइल डेटा डिस्क म्हणून जाळलीत तर जुना प्लेअर ती घेईलच असं नाही. डीव्हीडी-आर घ्या, 4एक्स किंवा 8एक्सने जाळा आणि फायनलाइझ करा (डिस्क बंद करा).

छत्रीवाला:
सह्याद्रीच हवी असेल तर पुढच्या वेळी एवढा उपद्व्याप नको. फ्री डिशचे बरेच साधे बॉक्स पेन ड्राइव्हवर बिनकुलपाची .टीएस फाइल लिहितात. व्हिडिओ एमपेग-2, 720×576 किंवा 704×576 असला आणि आवाज 48 किलोहर्ट्झचा एमपी2 असला, तर पुन्हा एन्कोड न करता डीव्हीडीवर जातो. 544×576 निघाला तर मात्र एन्कोडला पर्याय नाही, डीव्हीडीच्या नियमात ते माप बसत नाही.

मारवा_76:
लाल पिनेवर चित्र आलं! पण अगदी वरच्या कडेला पांढऱ्या तुटक रेघा आहेत, अर्ध्या रुंदीपर्यंतच. डोंगल खराब आहे का?

पिक्सेलपंत:
नाही हो. ती पालची 23वी ओळ. चित्र 16:9 आहे ही खूण बॉक्स तिच्यावर टीव्हीसाठी पाठवतो. क्रॉप करू नका, माप बिघडेल; वरच्या दोन ओळींवर काळी पट्टी टाका.