टीव्हीवरच्या कार्यक्रमाची माहिती नीट भरली तर आपलं काही सापडेल का? तुमचं मत सांगा

केळीवाला_रावेर:
मंडळी, रिमोटवर गाईडचं (कार्यक्रमांच्या यादीचं) बटण दाबलं की शेतीच्या कार्यक्रमाचं नुसतं नाव येतं आणि खाली "शेतीविषयक माहिती". अरे पण आज केळीवरच्या करप्यावर आहे का डाळिंबावर? बोलणारा आमच्या रावेर-यावलकडचा का कुठला? पीक, गाव, बोली, विषय, कोण बोलतंय, एवढं भरायला कितीसा वेळ लागतो. माझं म्हणणं, हे भरणं सक्तीचंच करा. कार्यक्रम करायला पैसा ओतता आणि तो लोकांना सापडावा म्हणून दोन ओळी लिहायच्या तर जिवावर येतं.

धुळे_नाका:
काय भो, कोणत्या जमान्यात आहात, गाईड कोण वाचतं आता? आमच्या घरी बाबा बातम्या, आई तिची सिरीयल, पोरं मोबाईल, झालं. आणि यूट्यूबवाले स्वतःच मदतीच्या पानावर लिहितात की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा, म्हणजे व्हिडिओला जोडलेल्या शोधशब्दांचा, वाटा अगदी थोडा, लोक नावाचं स्पेलिंग चुकवत असतील तरच उपयोग. तुम्ही काय बघता, किती वेळ बघता, ते मशीनला कळतं. तुमच्या पाच खान्यांची त्याला गरज नाही.

केळीवाला_रावेर:
अर्धंच वाचलं भो. त्याच पानावर आहे की शीर्षक, थंबनेल (व्हिडिओचं छोटं चित्र) आणि वर्णन जास्त महत्त्वाचं. वर्णन म्हणजे माहितीच झाली ना? आणि मशीन काय, लोकांनी बघितलेलं दाखवतं. नंदुरबारच्या पोरांनी काल अहिराणी नाटक टाकलं, त्याला बघणारे पहिले शंभर जण कुठून आणायचे? नेटफ्लिक्सकडे तर मशीनचा महापूर, तरी पगार देऊन माणसं बसवली, सिनेमे बघून टॅग लावायला. २०१४ मध्ये एका पत्रकाराने त्यांचे बारीक प्रकार मोजले तर ७६,८९७ निघाले. आपल्याला निदान "केळी" तरी द्या.

सेटटॉप_दुरुस्ती:
मी या धंद्यातला, जळगावला असतो, म्हणून सांगतो. डिशच्या सिग्नलमध्ये कार्यक्रमाचं नाव आणि छोटं वर्णन ज्या खान्यात जातं त्याला २५५ बाइटची मर्यादा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी चिन्हांत सगळं बसवा. लांब वर्णनाला वेगळा खाना आहे, १६ तुकड्यांपर्यंत जातो, पण तो भरायला कोणीतरी बसायला पाहिजे ना. आणि गंमत ऐका, प्रकारांची जी मुख्य यादी आहे तिच्यात सिनेमा, बातम्या, खेळ, लहान मुलं, संगीत, शिक्षण वगैरे. शेती नाही. छंदांच्या खाली बागकाम आहे.

केळीवाला_रावेर:
म्हणजे आमची केळी छंदात 😂

भुसावळ_जंक्शन:
बोलीचा खाना म्हणताय पण त्यात लिहिणार काय? आमच्याकडे लेवा गणबोली, तिच्यावर अहिराणीचा शिक्का मारला की आमची म्हातारी माणसं चिडतात. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांची कविता लेवा गणबोलीची, तरी लोक बिनधास्त अहिराणी लिहून मोकळे होतात. भाषांच्या जागतिक यादीत अहिराणीला "एएचआर" आणि खानदेशीला वेगळा "केएचएन" असा कोड आहे, आता कोण कशात बसतं सांगा. चुकीच्या लेबलपेक्षा कोरा खाना परवडला.

सेटटॉप_दुरुस्ती:
कोड आहे पण टीव्हीच्या सिग्नलमध्ये जुनी, छोटी यादी चालते, तिच्यात दोन्ही नाहीत. मराठी आहे. म्हणून तुम्ही काहीही बोला, सगळं "मराठी"च.

सूरत_लाईन:
मले तर वाटस हे टॅग उघडे ठेवले की लोक बदमाशीच करतात. श्रावणात आमच्या खानदेशच्या देवीची, कानबाईची गाणी शोधली तर वर येतो डीजे, वर्णनात कानबाई, खंडोबा, लग्न, हळद, सगळंच ठोकलेलं, कारण लिहायला पैसे पडत नाहीत. खरी ओवी म्हणणारी बाई कुठंतरी खाली, तिच्या नातवाने नाव ठेवलंय "व्हिडिओ ३". तिला कोण शोधणार?

केळीवाला_रावेर:
अहो हे तर माझ्याच बाजूने बोललात! त्या नातवाने "कानबाई, ओवी, शिरपूर" एवढं लिहिलं असतं तर सापडली असती ना ती.

सूरत_लाईन:
सापडली असती, डीजेच्या खाली. कोणी तपासणार नसेल तर लिहून फायदा काय.

धुळे_नाका:
आणि सक्तीला तर माझा पूर्ण विरोध. सक्तीचा खाना म्हटला की लोक कायतरी भरून मोकळे होतात, विषय शेती, गाव महाराष्ट्र, बोली मराठी, कोण बोलतंय तज्ज्ञ. झाला तुमचा फॉर्म पूर्ण.

केळीवाला_रावेर:
"गाव महाराष्ट्र" लिहिलं तर परत पाठवायचा. ग्रामपंचायतीत आमचे दाखले नाही का परत पाठवत, तेही एका कान्यासाठी.