बेळगावहून सोलनजवळच्या नौणीला एम.एस्सी.साठी जाताना

प्रश्न : खानापूरची पदवीधर

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयातून यंदा पदवी घेतली आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षेतून मला हिमाचल प्रदेशातील नौणी येथील डॉ. यशवंतसिंह परमार उद्यानविद्या व वानिकी विद्यापीठात फळशास्त्राच्या एम.एस्सी.साठी जागा मिळाली आहे. पुण्याच्या पुढे मी आजवर गेलेली नाही. आमच्याकडे कणकुंबीचा पाऊस आणि बेळगावची थंडी यांचा अभिमान बाळगला जातो, पण डोंगरउतारावरच्या लहानशा गावात दोन वर्षे एकटीने राहणे ही निराळीच गोष्ट आहे, हे मला कळते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. कन्नड कामापुरते येते, हिंदी मात्र कच्चे आहे. वडिलांची काजूची बाग आणि थोडे भात आहे. "सफरचंद शिकून खानापुरात काय लावणार?" हा त्यांचा प्रश्न असून त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. तेथे राहून आलेल्यांनी राहण्याविषयी, थंडीविषयी आणि या शेवटच्या प्रश्नाविषयीही लिहावे, ही विनंती.

उत्तर : नौणीचा जुना विद्यार्थी, निपाणी

अभिनंदन. प्रथम थंडीविषयी लिहितो, कारण तिच्याविषयी माझा अंदाज साफ चुकला होता. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, सोलन पंधराशेच्या आसपास आणि नौणी त्याच्या काहीशी खाली. बर्फ क्वचितच पडतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा शून्याजवळ येतो आणि आपल्यासारखीच तेथेही घरे तापवण्याची सोय नसते. दुपारी बाहेर उन्हात छान बसता येते, खोलीत मात्र बसवत नाही. म्हणून खोली घेताना भाड्याआधी दिशा विचारावी. दुसऱ्या वर्षी मित्रांच्या नादाने मी वसतिगृह सोडून सोलनमध्ये उत्तरेकडच्या उतारावर खोली घेतली. नोव्हेंबरात खिडकीतून गेलेले ऊन फेब्रुवारीतच परत आले. आपल्याकडे आषाढात कपडे वाळत नाहीत, तसे त्या खोलीत पौषात वाळत नसत. शक्य असेल तर दोन्ही वर्षे वसतिगृहातच राहावे, कारण विद्यापीठ शहरापासून तेराएक किलोमीटरवर राजगड रस्त्याला आहे आणि अंधार पडल्यावर बस कमी होतात. शिवाय उन्हाळ्यात सोलन शहरात पाण्याची टंचाई असते. राकसकोप जलाशय तळाला गेल्यावर बेळगावकर जशा घागरी भरून ठेवतात, तशा तेथे प्लास्टिकच्या टाक्या भरून ठेवाव्या लागतात.

खरी परीक्षा छाटणीच्या दिवसांत होते. पीच आणि प्लमची झाडे निष्पर्ण असतात, त्याच वेळी छाटणी करायची असते. पहिल्या सकाळी मी साध्या बुटांनी बागेत उतरलो, तेव्हा गोठलेले दंव पायाखाली कुरकुरत होते आणि कात्रीची मूठ इतकी गार होती की तीन फांद्यांनंतर बोटे आहेत की नाहीत, हे कळेनासे झाले. बागेतले एक वयस्क मजूर न बोलता छाटलेल्या काटक्या पेटवून बसले आणि मला शेजारी जागा करून दिली. मी कृतज्ञतेने म्हणालो, "चाचा, तुम बहुत अच्छे हो." ते हसले, पण माझ्या मित्राने नंतर मला बाजूला घेतले. आपल्या भागातल्या हिंदीत 'तुम' सर्रास चालते, तेथे वडीलधाऱ्यांना 'आप' आणि नावापुढे 'जी' लावल्याशिवाय बोलत नाहीत. एवढे सांभाळले तर बाकीचे हिंदी दोन महिन्यांत सुधारते.

कागदपत्रांचेही आताच पाहून ठेवा. नाडकचेरीचे (महसूल कार्यालयाचे) दाखले कन्नडमध्ये असतील तर त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर बरोबर न्यावे, कारण तिकडे ते कोणालाही वाचता येणार नाहीत. राज्याबाहेर प्रवेश घेणाऱ्यांसाठी परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती असते, तिच्या अर्जात अधिवासाचे राज्य नीट लिहावे. मी मराठी बोलतो म्हणून एका वर्गमित्राने माझ्या अर्जावर परस्पर 'महाराष्ट्र' लिहून टाकले होते. सीमाभागातल्या माणसाला यात हसावे की रडावे हे कळत नाही, पण अर्ज मात्र नव्याने भरावा लागला.

उत्तर : टिळकवाडीची आई

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची असून नौणीलाच शिकली. प्रवासासाठी दोन मार्ग आहेत. गोवा एक्सप्रेस बेळगावहून रोज मिळते, पण ती दिल्लीत निजामुद्दीनला सोडते, आणि तेथून सामान घेऊन कश्मीरी गेटला बससाठी जावे लागते. यशवंतपूरहून चंदीगडला जाणारी संपर्क क्रांती बेळगाववरून थेट जाते, मात्र ती रोज नसते. तिचा दिवस साधून तिकीट काढलेस तर दगदग वाचेल. चंदीगडहून सोलन बसने दोन-अडीच तासांवर आहे. कालक्याहून 1903 साली सुरू झालेली छोटी गाडी आहे, ती हौसेला ठीक, पेट्या घेऊन जायला नव्हे. पावसाळ्यात निघणार असशील तर एक दिवस हाताशी ठेव. 2023च्या पावसाळ्यात परवाणू-सोलन महामार्ग खचून बंद पडला होता आणि त्या रात्री आम्ही इकडे झोपलो नव्हतो.

स्वेटर येथून नेऊ नकोस, तिकडे चांगले आणि स्वस्त मिळतात. ज्वारीचे पीठ जास्त देण्याचा मोह मी केला होता. महिनाभरात ते विरी गेले, भाकरी थापताना चिरू लागली आणि मुलीने शेवटी त्याची धिरडी केली. थोडेच पीठ, कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी ने. राजमा-भाताची सवय आपोआप होते.

उत्तर : चिकोडीकर

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना परत यायचे आहे, त्यांनी धारवाड किंवा बागलकोटला शिकावे. तेथले संशोधन आपल्या मातीवर, आपल्याच पिकांवर होते. हल्ली उष्ण भागात येणाऱ्या सफरचंदाच्या रोपांची जी जाहिरात चालते, तिला भुलून तर मुळीच जाऊ नये.

उत्तर : नौणीचा जुना विद्यार्थी, निपाणी

जाहिरातीबाबत सहमत आहे. हिमाचलमधल्याच बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेले एचआरएमएन-99 किंवा ॲना यांसारखी वाणे कमी थंडीत फळतात, ही गोष्ट खरी आहे. डेलिशस जातीच्या सफरचंदांना सात अंशांखालचे हजारभर तास लागतात, तेवढे यांना लागत नाहीत. पण आपल्याकडे झाडाची पाने आपोआप झडत नाहीत, विश्रांती मिळत नाही आणि डोळे एकसारखे फुटत नाहीत. पाने हाताने काढावी लागतात. वडिलांना सफरचंद लावायला सांगू नका.

तरीही जागा सोडू नये, असे मला वाटते. फळशास्त्र म्हणजे केवळ सफरचंद नव्हे. तेथे खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळासकटचे रोप, कसा निवडतात, त्यावरून झाडाची उंची कशी ठरते, दाट लागवडीत वळण कसे देतात, हे उतारावर उभे राहून शिकायला मिळते. आपण काजूवर मृदुकाष्ठ (कोवळ्या फांदीचे) कलम करतो, तेथे फेब्रुवारीत जीभ कलम करतात, म्हणजे दोन्ही काड्यांना जिभेसारखा काप देऊन त्या एकमेकींत अडकवतात. कलमकाडी (हव्या त्या जातीची फांदी) आणि खुंट यांची साल जुळवण्याचे कसब दोन्हीकडे एकच आहे. माझ्या प्रबंधाचा विषय पीच होता. आज मी निपाणीत पेरू आणि आंब्याची रोपवाटिका चालवतो. मार्गदर्शक ठरवताना खुंट किंवा अभिवृद्धी (रोपे-कलमे तयार करणे) यांवर काम करणारे कोण आहेत, एवढे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

खानापूरची पदवीधर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना शेवटचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "काजूला असा बुटका खुंट मिळतो का?" हा प्रश्न वहीत लिहून घेतला आहे. संपर्क क्रांतीचे तिकीट उद्या काढत आहे.