१२ व्होल्टच्या उपकरणात मेन्सचा पॉवर सप्लाय आतच बसवावा का?

प्रश्न

तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवणारे एक उपकरण मी तयार करत आहे. ते १२ व्होल्ट डीसीवर चालते आणि जास्तीत जास्त ९ वॅट घेते. आतापर्यंत बाहेरचा अ‍ॅडॅप्टर दिला होता. परंतु वापरणाऱ्यांना तो लोंबता नको असल्यामुळे मेन्सवर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर, चालणारे उघडे एसएमपीएस मॉड्यूल (एसीचा डीसी करणारा स्विचिंग पॉवर सप्लाय, स्वतःचे आवरण नसलेला) धातूच्या पेटीतच बसवावे, असा विचार आहे. मॉड्यूलच्या माहितीपत्रकात आयईसी ६२३६८-१ या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचा उल्लेख आहे. मॉड्यूल प्रमाणित असेल, तर पूर्ण उपकरणाची वेगळी चाचणी करावी लागते का? माझे सर्किट तर केवळ १२ व्होल्टचेच आहे.

पहिले उत्तर

होय, करावी लागते. त्या मानकानुसार ६० व्होल्टपर्यंतचा डीसी हा ईएस१, म्हणजे स्पर्शाला धोका नसलेला वर्ग आहे. पण आपले १२ व्होल्ट त्या वर्गात राहतात ते प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरी (१२ व्होल्टची बाजू) यांच्यामधले इन्सुलेशन शाबूत आहे तोवरच, आणि एखादा भाग निकामी झाला तरी ते शाबूत राहिले पाहिजे, अशी अपेक्षा असते. मॉड्यूलचे प्रमाणपत्र मॉड्यूलपुरते असते. ते पेटीत बसवले की बोर्डाखालच्या स्क्रूची लांबी, सोल्डरच्या टाक्यांपासून पेटीच्या पत्र्यापर्यंतचे अंतर, निसटलेली मेन्सची वायर १२ व्होल्टच्या वायरीला टेकेल का, हे सर्व आपल्याकडे येते. पेटी धातूची असल्यामुळे तीन पिनांचे कनेक्शन आणि पक्के अर्थिंग घ्यावे, आणि अर्थ पिनेपासून पत्र्यापर्यंतचा रोध ०.१ ओमच्या आत असल्याची खात्री करावी. पत्र्यावरचा रंग खरवडल्याशिवाय तो तेवढा येत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ही चूक सर्रास होते.

दुसरे उत्तर

अंतरांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. २५० व्होल्टचा कार्यकारी व्होल्टेज, नेहमीचे घरगुती प्रदूषण (धूळ, ओलावा) आणि साधा बोर्ड धरला, तर रीइन्फोर्स्ड, म्हणजे दुहेरीच्या तोडीच्या, इन्सुलेशनसाठी पृष्ठभागावरून मोजलेले अंतर, म्हणजे क्रीपेज, किमान ५ मिलिमीटर लागते. दुरुस्तीसाठी आलेला एक बिननावाचा अ‍ॅडॅप्टर मी उघडला होता. ट्रान्सफॉर्मरजवळ अंतर भरपूर होते. मात्र ऑप्टोकप्लरच्या (दोन्ही बाजूंमध्ये प्रकाशाने संकेत नेणाऱ्या भागाच्या) पोटाखालून सेकंडरीचा ग्राउंड ट्रॅक नेला होता आणि तो प्रायमरीच्या पायापासून जेमतेम १ मिलिमीटरवर होता. वरून पाहता काहीच दिसत नव्हते. बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरल्यावरच ते लक्षात आले. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंच्या पायांमध्ये बोर्डाला खाच पाडतात, आणि तो ट्रॅक तेथून नेतच नाहीत.

प्रायमरी आणि सेकंडरी यांना जोडणारा कपॅसिटरही तपासावा. तो वाय१ या सुरक्षा-वर्गाचाच हवा. दिसायला सारखा, जास्त व्होल्टेजचा साधा सिरॅमिक कपॅसिटर तेथे चालत नाही, कारण तो शॉर्ट झाला तर मेन्स थेट आउटपुटवर येतो. अर्थिंग नसलेल्या उपकरणात स्पर्शप्रवाह, म्हणजे हात लावल्यावर शरीरातून जाणारा प्रवाह, ०.२५ मिलिअँपिअरच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. २४० व्होल्ट, ५० हर्ट्झला २.२ नॅनोफॅरडमधून जास्तीत जास्त सुमारे ०.१७ मिलिअँपिअर जातो, तर ४.७ नॅनोफॅरड घातल्यास हाच आकडा ०.३५ पर्यंत चढतो.

तिसरे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत विजेच्या धक्क्याचा विचार आला आहे, आगीचा राहिला आहे. १२ व्होल्टने धक्का बसत नसला, तरी आउटपुट शॉर्ट झाल्यावर सप्लाय किती शक्ती देत राहतो, यावर ट्रॅक जळेल की नाही ते ठरते. मानकात सप्लाय देऊ शकणाऱ्या शक्तीनुसार १५ वॅटपर्यंत पीएस१ आणि १०० वॅटपर्यंत पीएस२ असे वर्ग आहेत. आपली गरज ९ वॅटचीच असल्यामुळे दोषाच्या अवस्थेतही १५ वॅटच्या आत राहणारा सप्लाय मिळाला, तर पेटी व प्लास्टिक यांवरच्या अटी पुष्कळ सैल होतात. म्हणून ६० वॅटचे मॉड्यूल “असू द्यावे हाताशी” म्हणून घेऊ नये.

माझे मत विचाराल, तर उत्पादनाची संख्या कमी असेपर्यंत प्रमाणित बाह्य अ‍ॅडॅप्टरच ठेवावा. मेन्स पेटीत येत नाही, त्यामुळे चाचणीचा मोठा भाग अ‍ॅडॅप्टरच्या प्रमाणपत्रावरच भागतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या खेपेसाठी १२ वॅटचा प्रमाणित अ‍ॅडॅप्टर ठेवतो आणि त्याची वायर झाकण्यासाठी पेटीच्या मागे खाचण करतो. तो दोषावस्थेतही १५ वॅटच्या आत राहतो का, हे चाचणी अहवाल मागवून पाहीन; केवळ माहितीपत्रकावर विसंबणार नाही.