इंजिनचं पाणी चहासारखं लाल येतंय, कुठलं कूलंट घालू?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आमचा ट्रॉलर हर्णैचा. १ जूनला मासेमारी बंद झाली तशी बोट आंजर्ल्याच्या खाडीत आणून ठेवली. काल इंजिनचं पाणी सोडलं तर चहासारखं लाल. सहा सिलिंडरचं इंजिन, आत गोडं पाणी, ते थंड करणाऱ्या कूलरला समुद्राचं. हंगामाच्या शेवटी गरम धरत होतं म्हणून मेस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकला. दोन वर्षांपूर्वी हिरवं कूलंट भरलं होतं, त्यानंतर कमी झालं की घरच्या विहिरीचं पाणी. ३१ जुलैपर्यंत हातात वेळ आहे. हिरवं, लाल की निळं? आमचा तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणतो लेथवाल्याकडचं कटिंग ऑइल घाल, गंज धरत नाही.

डिझेलवाला
रंग बघून कूलंट घेऊ नका, रंग कंपनी हवा तो घालते. कॅनवर एएसटीएम डी ६२१० लिहिलंय का बघा, ते जड डिझेल इंजिनांसाठीचं मानक. डी ३३०६ एवढंच असेल तर ते मोटारीचं. फरक लायनरचा आहे. डिझेलच्या ठोक्याने ओला लायनर, म्हणजे बाहेरून पाण्यात असलेली सिलिंडरची नळी, थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे बुडबुडे धरतात आणि फुटतात. प्रत्येक बुडबुडा लोखंडाचा कण घेऊन जातो. लायनर काढला तर एकाच बाजूला दाभणाने टोचल्यासारखी भोकं दिसतात. भोक आरपार गेलं की पाणी थेट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये. कूलंटमधल्या नायट्राइट या गंजरोधकाचा पातळ थर लायनरवर बसतो आणि तो मार झेलतो. तुम्ही पाणी घालत गेलात, तो थर संपला.

कटिंग ऑइल आमचे जुने मेस्त्रीही घालायचे. होज फुगतात आणि आत तेलाचा लेप बसतो, त्यातून उष्णता नीट जात नाही. नको.

मालवणी_वल्हं
बावीचा पाणी इंजिनाक घालूचा नाय रे बाबा. किनाऱ्याची बाव, तां पियाक पण मचूळ लागता.

डिझेलवाला
अगदी. क्लोराइड लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर नको असं इंजिनवाले सांगतात, किनाऱ्यालगतच्या विहिरीत ते सहज जास्त भरतं. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी आणा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून लोक कूलंट पातळ करतात, पण त्याबरोबर गंजरोधकही पातळ होतं. तयार मिसळलेला कॅन मिळाला तर बरा, बोटीवर माप चुकत नाही.

जेट्टीवरचा
एवढं सगळं गोड्या पाण्याचं झालं. पण गरम का धरत होतं ते कोणी विचारलंच नाही! खाडीकाठ, कूलरची झाकणं उघडलीत का? जस्ताची कांडी शेवटची कधी बदललीत?

खाडीकाठ
जस्ताची कांडी असते हेच आज कळलं. उद्या उघडतो.

जेट्टीवरचा
कूलरवर पितळी बूच असेल, त्याच्या आतल्या बाजूला ती बसते. खाऱ्या पाण्यात पितळ, तांबं, लोखंड एकत्र आलं की कोणीतरी खाल्लं जाणारच, ते जस्त असावं म्हणून ही सोय. निम्मी झिजली की बदलायची. हंगामभर जशीच्या तशी राहिली तर खूश होऊ नका, धातूला धातू लागत नसेल. आमच्या एका खलाशाने गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, जस्त नवंकोरं आणि नळ्यांना भोकं. तेव्हापासून बूच मीच बसवतो.

खाडीकाठ
उघडलं. बूच आहे, कांडी नाही. झाकणात जस्ताचे तुकडे, इंपेलरची (समुद्राच्या पंपातल्या चाकाची) दोन पाती आणि खाडीचा गाळ. निम्म्या नळ्या बुजलेल्या.

जेट्टीवरचा
मग थर्मोस्टॅटचा काय दोष? परत बसवा, तो नसला की इंजिन कमी भारावर थंडच राहतं आणि जास्त झिजतं. नळ्या लाकडी काडीने साफ करा, लोखंडी सळई घालू नका. क्षार जाड असतील तर सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात, मग भरपूर गोडं पाणी. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही नाही. बसवण्याआधी एका बाजूने दाब देऊन नळ्या गळतात का ते तपासून घ्या. गळकी नळी असली तर इंजिन चालू असताना कूलंट समुद्रात जातं, आणि बंद झाल्यावर खारं पाणी आत येऊ शकतं. तुमचं पाणी सारखं कमी का व्हायचं, ते कदाचित इथेच सापडेल.

खाडीकाठ
एक नळी गळतेय, लेथवाला दोन्ही तोंडांना बूच मारून देतो म्हणाला. आता ऑगस्टपर्यंत सगळं रिकामं ठेवू का?

डिझेलवाला
एकाध नळी बंद केली तर चालतं. समुद्राची बाजू रिकामी आणि गोड्या पाण्याने धुतलेली ठेवा, खाडीचं पाणी आत कुजलं तर नळ्या खातं. इंजिनची बाजू मात्र रिकामी नको, ओलसर हवेत गंज आणखी जोरात धरतो. ती धुऊन नवं कूलंट काठोकाठ भरा, इंजिन गरम होईपर्यंत एकदा चालवा म्हणजे सगळीकडे फिरेल. समुद्राचा पंप पाण्याशिवाय फिरवू नका, बादलीतून पाणी द्या. नाहीतर इंपेलरची उरलेली पातीही जातील.