रॉकेट इंजिनातलं तांबं वितळत काहून नाही?

हिंगणा_ब्रेझिंगवाला
हिंगणा एमआयडीसीत माझं ऑइल कूलर न् रेडिएटर दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर तांब्यावर टॉर्च मारणं हेच काम. ऑक्सि-ॲसिटिलिनची ज्योत ३१०० अंशांच्या आसपास, हात जरा रेंगाळला की ट्यूब गळाली समजा. पुतण्या म्हणतो, नासाच्या स्पेस शटल यानाच्या मुख्य इंजिनात ३३०० अंश असायचे अन् आतली भिंत तांब्याच्या मिश्रधातूची. तांबं तर १०८५ ला पाणी होते! मंग ते उड्डाणात आठ मिनिटं टिकायचं कसं? अन् इन्कोनेल (निकेल-क्रोमियमचा उष्णता सोसणारा मिश्रधातू) सोडून तांबंच काहून?

बॉयलरकाका_निवृत्त
भाऊ, उत्तर तुमच्या टेबलावरच आहे. ट्यूबमध्ये घोटभर पाणी राहिलं तर ब्रेझिंगचा झाळ धरतो का? कितीही टॉर्च मारा, जॉइंट तापतच नाही. रॉकेटात तेच मुद्दाम करतात. इंधन जळायला जाण्याआधी त्याला भिंतीतल्या खाचांतून पळवतात. शटलच्या इंजिनात ते द्रव हायड्रोजन, टाकीत उणे २५३ अंशांवर ठेवलेलं.

मी नागपूरजवळच्या एका औष्णिक केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला होतो. भट्टीच्या वॉटरवॉलवर, म्हणजे पाण्याच्या ट्यूबांच्या भिंतीवर, दर चौरस सेंटीमीटरला पन्नास वॅट म्हणजे आमच्या लेखी खूप. शटलच्या इंजिनाच्या गळ्याशी, जिथं नॉझल (जळालेला वायू बाहेर टाकणारं तोंड) सगळ्यात अरुंद, तिथं हाच आकडा सुमारे १६ किलोवॅट! अशा जागी नुसता वितळणबिंदू पाहून धातू निवडाल तर फसाल. उष्णता आरपार किती झपाट्यानं जाते ते पाहायचं, आणि त्यात इन्कोनेल तांब्यापेक्षा जवळपास तीस पट मठ्ठ. उष्णता मधेच तुंबली की आगीकडचा पृष्ठभाग गेला. म्हणून तांब्यात थोडी चांदी न् झिर्कोनियम घालतात आणि आगीकडची भिंत मिलिमीटरहून पातळ ठेवतात.

तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. शटलच्या त्या भिंतीत ३९० खाचा कापलेल्या असायच्या. त्या झाकायच्या कशा? खाचांत मेण भरायचे, वरून विजेच्या प्रक्रियेनं निकेल चढवायचे आणि मग मेण वितळवून काढायचे.

धरमपेठकर
काका, पण माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनात इन्कोनेलच्याच ट्यूबा होत्या ना? एकेकाचा जोर सुमारे ६९० टन. तो कसा टिकला?

बॉयलरकाका_निवृत्त
बरोबर पकडलंत. १७८ ट्यूबा, खाली नॉझल रुंदावतं तिथं प्रत्येकीच्या दोन, सगळ्या भट्टीत ब्रेझ केलेल्या. पण त्याच्या चेंबरचा दाब ७० बार, शटलचा २०० च्या वर. दाब वाढला की भिंतीवरची उष्णताही जवळपास त्याच मानानं वाढते. शिवाय एफ-१ मध्ये कडेनं केरोसीन जास्त सोडायचे, आणि केरोसीनची काजळी ट्यूबांवर बसून आगीला आडोसा करते.

गंमत अशी, की बाहेरची काजळी तारते न् आतली मारते. ट्यूबच्या आत केरोसीन फार तापलं तर तिथंही कार्बनचा थर धरतो आणि थंडावा भिंतीपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे ट्यूबमध्ये क्षार बसले की हेच, आधी फुगायची, मग फाटायची. आम्ही युनिट बंद करून ट्यूब बदलू शकत होतो, एवढाच फरक.

एफ-१ च्या नॉझलच्या शेवटच्या टप्प्यात तर ट्यूबाही नव्हत्या. इंधनाच्या पंपाची टर्बाइन फिरवून निघालेला, त्या मानानं गार वायू भिंतीलगत सोडत. उड्डाणाचे जुने व्हिडिओ नीट पाहा, नॉझलखाली आधी काळपट पट्टा दिसतो आणि लख्ख ज्वाळा त्याच्याखाली सुरू होते. तो पट्टा म्हणजे हाच वायू.

आपल्या इस्रोच्या विकास इंजिनाचा भरही असल्या आडोशावरच आहे, तिथं इंधनाचाच पातळ थर भिंतीलगत वाहतो. इस्रोच्याच सीई-२० या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाच्या) इंजिनात मात्र खाचांतून हायड्रोजन.

वर्धारोड_इंजिनियर
आता खाचा कापायचंही काम संपत चाललंय. इस्रोनं पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन धातूच्या पावडरीवर लेझर फिरवून छापलं. आधीचे १४ भाग एकाच तुकड्यात आले, १९ वेल्ड गेले. मे २०२४ मध्ये ६६५ सेकंद चालवून पाहिलं. हिंगणावाले भाऊ, सांभाळा!

हिंगणा_ब्रेझिंगवाला
ट्रॅक्टरचे कूलर पावडरीचे होईपर्यंत आपल्याला चिंता नाही जी. पण काका, ते मेण डोक्यात बसलं. ३९० पैकी एखाद्या खाचेत थोडंसं मेण उरलं तर तिथून हायड्रोजन जाणार नाही, अन् तेवढी पट्टी जळणार. सगळ्या साफ झाल्या हे तपासायचे कसं?